खुंटीवरच्या चंच्या

सासरी आले त्या दिवशी उंबऱ्यावरचं माप ओलांडताना मला पहिला वास आला तो मोहाच्या दारूचा. हळदीचा नाही, अगरबत्तीचा नाही, दारूचा. मी पदर नाकाला लावला, तर सोबतची एक म्हातारी म्हणाली, सवय होईल. मला ती कधीच झाली नाही. आता म्हातारी झाले तरी कुठे काही आंबलेलं दिसलं की हात पदराकडे जातो, आणि डोळ्यांसमोर जुन्या जालन्यातली ती गल्ली उभी राहते.

आमची शेती बदनापूरच्या पुढे, आणि राहतं घर जुन्या जालन्यात. घरात माणसं मोजकीच. माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत. माझे यजमान, ते बहुतेक दिवस शेतावरच असत. आणि माझी नणंद, वयाने माझ्याहून थोडी लहान. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. घराच्या एका अंगाला धान्याचं दुकान आणि दुसऱ्या अंगाला कलाली, म्हणजे दारूचं दुकान. भिंतीला भिंत. आमच्या चुलीमागे त्यांची पिपं.

त्या भिंतीला मी कधी हात लावला नाही. पिऊन बाहेर आलेले लोक रस्त्याकडच्या कोपऱ्यावर उभे राहत, आणि काय करत ते सांगायला नको. पावसाळ्यात ती ओल आत उतरायची. भिंतीला पोपडे यायचे, माश्या बसायच्या. उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायच्या तर मला चिकाचं पातेलं उचलून दुसऱ्या आळीत ओळखीच्यांच्या माळवदावर जावं लागे. आमच्या माळवदावर घातलेल्या कुरडईला तळल्यावरसुद्धा तो वास यायचा, असं मी म्हणे. आबा म्हणत, तुझ्या नाकाला रोग आहे.

कलालीचा गुत्ता एका सरदारजीकडे होता. निजामाच्या राज्यात दारूची दुकानं हर्राजात जात. जो जास्त बोली लावेल तो गुत्तेदार. ह्याचा बाप पंजाबातून सरकारच्या शीख फौजेत आलेला, नांदेडकडे घर करून राहिलेला. मुलाने फौज सोडून गुत्ता धरला. जालन्यातल्या पिणाऱ्यांनाही आणि न पिणाऱ्यांनाही हे फार सोयीचं पडलं. आबा तर उठता बसता म्हणायचे, ह्या पंजाब्याने गाव नासवलं. मला हसू यायचं. त्याच्याआधी गुत्ता गावातल्याच एकाकडे होता, तेव्हाही पिपं हीच होती आणि वासही हाच. गावाला नासायला पंजाबाहून कुणी यायची गरज नव्हती.

म्हणून सरदारजी मला आवडत होता असं नाही. बिलकूल नाही. उंच, गोरा, रोज पहाटे गार पाण्याने अंघोळ करणारा, पांढरीशुभ्र पगडी घालणारा माणूस. मनगटातलं कडं घासून लख्ख. अंगणात बसून पाठ म्हणायचा, तो आमच्या परसात ऐकू येई. आवाज चांगला होता. आणि पाठ संपला की हाच माणूस उठून दुकान उघडायचा. स्वतः थेंब घेत नसे. लोक ह्याचं कौतुक करीत, म्हणत की हलवाई कधी आपली मिठाई खातो का. हलवाई मिठाई खात नाही, कारण त्याला तिचा कंटाळा आलेला असतो. हा पीत नव्हता, कारण आपण काय विकतो हे त्याला ठाऊक होतं. बाजारच्या दिवशी खेड्यातून आलेला नवखा गडी दिसला की पहिला पेला फुकट देई. पुढच्या बाजारी तो गडी आपल्या पायांनी येई.

ह्या माणसाला चीड होती ती तंबाखूची. शिखांना तंबाखू वर्ज्य. एकदा एका गाडीवानाने आत बसून चिलीम पेटवली. सरदारजीने त्याला बकोटीला धरून रस्त्यावर आणलं, आणि मग विहिरीवरून घागरी मागवून सगळं दुकान धुवून काढलं. दारूने चिकट झालेली, ओकाऱ्यांनी भिजलेली ती फरशी त्याने चिमूटभर राखेसाठी धुतली. मी माळवदावरून बघत होते. मला वाटलं, ह्या माणसाची किळससुद्धा वाट चुकलेली आहे.

त्या दिवसापासून नियम झाला. आत तंबाखू न्यायची नाही, बिडी नाही, तपकीर नाही. पण आमच्याकडच्या माणसाच्या कमरेला करगोटा नसेल एक वेळ, चंची असणारच. पानसुपारी, चुना, तंबाखू असे वेगवेगळे कप्पे असलेली ती कापडी गुंडाळी टाकून माणूस घराबाहेर पडत नसे. मग ती ठेवायची कुठे? सरदारजीने सुताराकडून लाकडी खुंट्या करून घेतल्या आणि दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याच्या अंगाला, ओळीने ठोकल्या. येईल त्याने चंची खुंटीला टांगायची, आत जायचं, परत जाताना घेऊन जायचं. वर त्याने सगळ्यांना बजावलं की माझ्या खुंटीवरची वस्तू जाणार नाही, जबाबदारी माझी. आणि खरंच कधी गेली नाही.

त्याला वाटलं, आपण दुकान स्वच्छ केलं. त्याला हे कुठे माहीत की आमच्याकडे चंची घरची बाई शिवते, आणि बाईने शिवलेली वस्तू बाई लांबून ओळखते. कुणाच्या चंचीला जुन्या लुगड्याचा काठ, कुणाच्या दोरीला घुंगरू, कुणाला कवड्या. पाण्याला जाताना गल्लीतल्या बायका ती भिंत नुसती वाचत जात. आज अमकीचा नवरा आत आहे. आज तमकीचा दीर आहे, आणि तो तर माळकरी. इतके दिवस ज्या गोष्टी झाकलेल्या होत्या त्या खुंटीला लटकू लागल्या. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता तरी लाज वाटेल.

लाज वाटली, पण भलत्यांना. पुरुषांनी दारू सोडली नाही. बायकांनी चंच्या बदलल्या. काठ नाही, घुंगरू नाही, कवडी नाही. काळ्या जाड्याभरड्या कापडाची, एकसारखी, अशी चंची आळीत घरोघर शिवली जाऊ लागली. सणासुदीला हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्यासमोर एकमेकींना सांगत की काळी बरी, मळत नाही. मळत नाही! सगळ्या जणींना खरं कारण माहीत होतं, आणि सगळ्या जणी माना डोलवत होत्या. सरदारजीच्या फरशीपेक्षा मला त्या दिवशी आमच्या ओसरीची जास्त किळस आली.

त्याच सुमारास माझ्या नणंदेची सोयरीक टेंभुर्णीला ठरली. घर मातब्बर, जमीन भरपूर, मुलगा एकुलता एक. बघायला आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी आमच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही. शेजारी कलाली आहे, विहिरीचा भरवसा काय, असं ते म्हणाले. आबा खाली मान घालून बसले, आणि पाव्हण्यांची पाठ फिरल्यावर सरदारजीच्या सात पिढ्या उद्धारल्या. तरी मुलगी पसंत पडली. लग्न वैशाखात धरलं.

आमच्या घराण्यात रीत अशी की कुंकू लागलं की मुलीने स्वतः शिवलेली चंची नवऱ्यामुलाला पाठवायची. कुणीतरी नणंदेला म्हणालं, काळी शिव. ती फिस्कन हसली. म्हणाली, माझ्या माणसाला लपवायचं काय कारण? तिने आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ उसवून काढला, आत लाल अस्तर घातलं, कडेने पिवळ्या दोऱ्याचा टाका घातला आणि दोरीला एकच कवडी बांधली. कवडीही आईच्याच पेटीतली. मी सुईत दोरा ओवून द्यायचे आणि ती शिवताना मला विचारायची, वहिनी, टेंभुर्णीला पाणी कसं आहे, माणसं कशी आहेत. जसं काही मी टेंभुर्णी बघितली होती.

माघात कापूस निघाला. टेंभुर्णीच्या गाड्या जालन्याला येऊ लागल्या. एक दिवस दुपारी नणंद पाण्याहून आली. घागर तिवईवर ठेवली, चुंबळ बाजूला ठेवली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"वहिनी, माझी चंची टांगलीय भिंतीवर."

मला आधी कळलंच नाही. मग मी बाहेर जाऊन बघून आले. काळ्या चंच्यांच्या रांगेत ती हिरवी, कवडीची, एकटी लटकत होती. दुसरी असणं शक्य नव्हतं. मी परत आले तर ती चुलीपुढे बसली होती, आणि चूल पेटवायचं विसरली होती.

आबा ओसरीवर होते. मी सुनेने सासऱ्याशी जितकं बोलावं तितकंच बोलले. चंची कुठे आहे ते सांगितलं. आबा म्हणाले, अशा चंच्या शंभर असतात. मी म्हणाले, काठ सासूबाईंच्या लुगड्याचा आहे. मग आबा म्हणाले, मुलगा गाडीभाड्याचं विचारायला गेला असेल. दारूच्या दुकानात गाडीभाडं! तरी उठले, पायात वहाणा घातल्या आणि गेले. मला वाटलं, आता हे आत शिरतील, त्याला बाहेर ओढतील, निदान दोन शब्द सुनावतील. इतकी वर्षं कलालीवर तोंड टाकणारा माणूस, त्याला आज निमित्तही होतं.

आबांनी इकडे तिकडे बघितलं, हिरवी चंची खुंटीवरून काढली, धोतराच्या कनवटीला खोचली आणि घरी येऊन पुन्हा ओसरीवर बसले. जणू पडलेली भाजी उचलून आणावी. नणंद दाराआडून बघत होती. मीही बघत होते. आबांनी आमच्याकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने गलका झाला. नवरामुलगा बाहेर आला होता आणि त्याला चंची सापडत नव्हती. तंबाखूवाचून जीव कासावीस, आणि त्यात प्यालेला. तो सरदारजीला चोर म्हणाला. सरदारजी सगळं ऐकून घेणारा, पण हे नाही. त्याने दुकानातले सगळे लोक उठवून त्यांची झडती घेतली. मग रस्त्यावरच्या भाजीवालीला विचारलं. तिने मुकाट्याने आमच्या दाराकडे बोट केलं.

सरदारजी आमच्या पायरीपाशी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागे तो मुलगा, टोपी वाकडी, ओठाच्या कडेला फेस, धोतराच्या सोग्यावर काहीतरी सांडलेलं. होणाऱ्या सासऱ्याचं घर आहे हे त्याला त्या घटकेला कळत होतं की नाही कोण जाणे. त्याने भिंतीला हात टेकला. त्याच भिंतीला. मला शिसारी आली.

सरदारजीने हात जोडून आबांना विचारलं की माझ्या खुंटीवरची वस्तू गेली आहे, तुमच्याकडे कुणी पाहिली का.

"मला काय ठावं," आबा म्हणाले. "आम्ही त्या भिंतीकडं बघत बी न्हाई."

ती वस्तू त्यांच्या पोटाशी होती. बसल्यामुळे कवडीचं टोक धोतरातून वर आलं होतं आणि मला दाराआडून दिसत होतं. दोन माणसं समोर उभी, एक दारू विकणारा आणि एक प्यालेला, आणि खोटं बोलला तो तिसराच.

तेवढ्यात नणंद बाहेर आली. कुंकू लागलेल्या मुलीने नवऱ्यामुलासमोर यायचं नसतं. ती आली, ओसरीच्या खांबाशी उभी राहिली.

"आबा, तुमच्या कनवटीला हाय ती. देऊन टाका."

आबांनी हळूच चंची काढली. सरदारजीने त्यांच्याकडे जसं बघितलं तसं तो चिलीम ओढणाऱ्याकडे बघायचा. "मेरी खूँटी से आज तक किसी की चीज़ नहीं गई," तो म्हणाला. "आज गई तो आपके घर में." त्याला त्याच्या खुंटीची अब्रू होती. खांबाशी उभी असलेली मुलगी कोण, आणि ह्या चंचीशी तिचं काय नातं, हे त्याने विचारलंही नाही.

मुलाने हात पुढे केला. नणंदेने त्याच्याआधी चंची घेतली आणि सरदारजीच्या हातात दिली.

"तुमच्या खुंटीला टांगा," ती म्हणाली. "दिसू द्या समद्यांला. मला हितं लगीन करायचं न्हाई."

आणि आत निघून गेली. त्या संध्याकाळी तिने पोटभर भाकरी खाल्ली. मला म्हणाली, सुटले बघ. मीही म्हणाले, सुटलीस. आम्ही दोघी चुलीपाशी बसून कशावर तरी हसत होतो, आता आठवत नाही. सोयरीक मोडली असं आम्ही दोघी धरूनच चाललो होतो. इतकं डोळ्यांनी बघितल्यावर कोणता बाप मुलगी देईल?

आबा चार दिवस ओसरीवरच बसून होते. मग एका सकाळी बैलगाडी जुंपून टेंभुर्णीला गेले. आम्हाला वाटलं, मोडून यायला गेले. ते माफी मागून आले. मुलीने परक्या माणसासमोर तोंड उघडलं म्हणून. पाव्हण्यांनी मोठ्या मनाने माफ केलं, असं त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर सुटकेचा भाव होता. "दारू उद्या सुटंल," ते म्हणाले. "मोडलेली सोयरीक पुन्हा जुळत न्हाई. पोरीला घरात ठिवून काय करू?"

मी यजमानांना शेतावर निरोप धाडला. ते आले, सगळं ऐकलं, तळहातावर तंबाखू मळत बसले. आबांपुढे काय बोलणार, म्हणाले. मळून झाल्यावर तंबाखू ओठात धरली, आणि मग तर बोलायची सोयच राहिली नाही. नणंदेने दोन दिवस काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी जेवली. वैशाखात लग्न झालं. मानपान बराबर झाला, कुणाचं काही कमी पडलं नाही.

जावई आले की मोंढ्यातलं काम उरकून आधी आमच्याकडे येत. आबांनी ओसरीच्या आतल्या अंगाला, देवळीशेजारी, एक नवी खुंटी ठोकून घेतली होती. जावई आले की आबा हात पुढे करायचे. जावई चंची द्यायचे. त्या दिवशी सरदारजीच्या खुंटीवरून परत नेलेली ती हिरवी चंची आबा स्वतःच्या हाताने त्या खुंटीला टांगायचे, आणि मग जावई शेजारी जायचे. भिंतीवर काही दिसायचं नाही. गल्लीत बोभाटा नाही, मुलीच्या नावाला बट्टा नाही. दारूचं नाव काढलं की थुंकणारे आबा तासभर त्या चंचीखाली राखण केल्यासारखे बसत, आणि जावई परत आले की काढून द्यायचे. मी आतून चहा पाठवायचे. तो कप घासताना मला दरवेळी राखेची दुसरी मूठ घ्यावीशी वाटे.

नणंद पंचमीला माहेरी आली ती दुसऱ्या वर्षी. हाताच्या काकणांवरून वाळलेली कळत होती. कपाळाजवळ एक जुना डाग होता. मी विचारलं, तर म्हणाली की चौकट लागली. आबांनी विचारलंच नाही. सरदारजी पहाटे पलीकडे पाठ म्हणत होता, तो ऐकत ती पडून राही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती ओसरीवर शिवायला बसली. मी निवडायचं सूप घेऊन तिच्याजवळ बसले. तिच्या मांडीवर कापड होतं काळं, जाडंभरडं. काठ नव्हता, अस्तर नव्हतं. सुईत दोराही काळाच.

मी म्हणाले, "हिरवी फाटली का?"

"न्हाई," ती म्हणाली. "हायेच ती. पण ही बरी पडती, वहिनी. आबांला दर वेळी बसून राह्यावं लागून राह्यलं. आता मालकांला भाइरच टांगता यील. वळखू येत न्हाई."

तिने दोरा दाताने तोडला. गाठ नीट बसली का ते ओढून बघितलं.

जावई तिला न्यायला आले तेव्हा देवळीशेजारची खुंटी रिकामीच राहिली. आबांनी हात पुढे केला नाही. मी घागर घेऊन पाण्याला निघाले आणि भिंतीपाशी थांबले. त्या दिवशी बाजार होता. सगळ्या खुंट्या भरल्या होत्या. एका ओळीत सगळ्या काळ्या चंच्या. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले, आणि पुन्हा परत बघत आले. त्यातली तिची कोणती, ते मला ओळखता आलं नाही.